सत्तावीस पटींचा पुरावा

चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा या कोळसा-पोलादाच्या शहरात १९९०च्या दशकात एखादे मूल अभ्यासात मागे पडते आहे असे वाटले, की त्याची मानसशास्त्रीय चाचणी होई. तीत कमी पडले, तर पालकांची सही घेऊन त्याला ‘विशेष शाळे’त, म्हणजे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या शाळेत घालत. नियमात युरोपातल्या ‘रोमा’ या अल्पसंख्य समाजाचे नाव कुठेच नव्हते. तरीही शहराच्या प्राथमिक शाळांतल्या एकूण मुलांत रोमा होती २.२६ टक्के, तर विशेष शाळांत ५६ टक्के. रोमा नसलेल्या शंभर मुलांमागे दोनही तिथे पोहोचत नव्हती. रोमांची मात्र पन्नास. म्हणजे रोमा मुलाची विशेष शाळेत जाण्याची शक्यता २७ पट. एखाद्या समाजाची निम्मी मुले बुद्धीने अधू जन्मतात असे मानायचे नसेल, तर दोष मोजपट्टीतच शोधावा लागतो.

भेदभाव म्हटला की द्वेषाने पेटलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. रोमांनी तोही पुरेपूर भोगला आहे. आजच्या रुमानियाच्या परिसरातल्या वालेकिया आणि मोल्डाव्हियात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते गुलाम होते. २ ऑगस्ट १९४४च्या रात्री आउश्वित्झच्या छावणीत हजारो रोमांना, त्यांत बायका-मुले पुष्कळ, विषारी वायूने मारले गेले. पण आजचा अन्याय अनेकदा कुणाचाही द्वेष नसताना, अर्ज आणि गुणपत्रिकेच्या वाटेने येतो. ओस्त्रावाची चाचणी बहुसंख्य चेक मुले नजरेसमोर ठेवून बेतलेली होती. घरात रोमानी किंवा रोमानीच्या वळणाची चेक बोलणाऱ्या मुलाची अडचण तिने बुद्धीची उणीव म्हणून नोंदवली. (पाण्याला ‘पानी’ आणि माणसाला ‘मनुष’ म्हणणारी ही भाषा मुळात भारतातून गेलेली, म्हणजे आपल्या मराठीच्या नात्यातली.)

अठरा मुलांच्या वतीने हे प्रकरण स्ट्रासबूर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. २००६ साली तिथे मुले हरली. १३ नोव्हेंबर २००७ रोजी मोठ्या पीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. सरकारचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. पालकांनी लेखी संमती दिली होती, हे खरेच होते. पण एकीकडे मुलाला सामावून घ्यायला नाखूश असलेली नेहमीची शाळा आणि दुसरीकडे बहुतेक रोमाच असलेली विशेष शाळा, एवढ्यातून निवडायचे आणि पुढचे परिणाम कुणी समजावून सांगायचे नाहीत, अशा सहीला संमती कसे म्हणावे? शिवाय भेदभाव न होण्याचा हक्क आई-बापांनाही मुलाच्या वतीने सोडून देता येत नाही, असे न्यायालयाने बजावले. विशेष शाळांमागचा हेतू मदतीचा होता, हीसुद्धा सबब. मदत खरी असती, तर मूल सावरून नेहमीच्या शाळेत परतले असते. प्रत्यक्षात तिथला अभ्यासक्रम पातळ होता आणि पुढे उरत होते ते बहुतेक कारागिरीचे शिक्षण.

एक आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: आकड्यांत तफावत दिसली की लगेच भेदभाव म्हणायचे का? नाही. न्यायालयही तसे म्हणाले नाही. विश्वासार्ह आकडे एवढी मोठी दरी दाखवत असतील, तर तिचे वस्तुनिष्ठ कारण देण्याची जबाबदारी सरकारवर येते, एवढेच ते म्हणाले. हे न्याय्य आहे, कारण अधिकाऱ्याच्या मनातला हेतू सिद्ध करणे झोपडीतल्या आईला कधीच शक्य नसते. कागदपत्रे, चाचण्या, तज्ज्ञ, सारे सरकारच्याच हाती असते.

निकालाआधीच कायद्यातून ‘विशेष शाळा’ हे नाव गेले होते. वेगळे बसवणे मात्र गेले नाही. पंधरा वर्षे उलटल्यावरही निकालाच्या अंमलबजावणीवर युरोप परिषदेची देखरेख चालूच होती. प्रत्येक मुलाला ४,००० युरो भरपाई मिळाली. तोवर त्या अठराही जणांचे प्राथमिक शाळेचे वय उलटून गेले होते.