आशाताईचे रान कोणी खुरपले?

रविवार, २२ मार्च २०२०. संध्याकाळचे पाच वाजले आणि गावात एकच गलका उठला. बायकांनी ताटे काढली, म्हाताऱ्यांनी देवळातली घंटा धरली, पोरांनी तर पत्र्याचे डबेसुद्धा सोडले नाहीत. त्या दिवशी जनता कर्फ्यू होता. डॉक्टर, परिचारिका, पोलीस, सफाई कामगार यांचे आभार मानायला पाच मिनिटे दारात उभे राहून टाळ्या-थाळ्या वाजवा, असे पंतप्रधानांनी सांगितले होते. मी तेव्हा कृषी सहायक म्हणून त्याच गावात भाड्याने राहत होतो. मीही स्टीलचे ताट घेऊन ओट्यावर आलो. समोरच्या दारात गावची आशाताई उभी होती आणि तीही जोरात थाळी वाजवत होती.

पुढे एकदा तिला विचारले, "ताई, थाळी तर तुमच्यासाठी होती, मग तुम्ही कशाला वाजवली?" ती हसून म्हणाली, "मला काय ठाऊक साहेब! मला वाटलं दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांसाठी हाय."

वाचकहो, आज मागे वळून पाहताना तिचे हे बोलणे मला फार महत्त्वाचे वाटते. आभार कोणाचे मानायचे हे सगळ्यांना कळले होते, पण तो माणूस आपल्याच गल्लीत राहतो, हे ना गावाला उमगले ना तिला.

थाळीनंतरचा महिना

तीनच दिवसांनी, २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. शेतीच्या कामांना सूट होती, पण बाजार विस्कळीत झाले होते आणि गाड्या मिळत नव्हत्या. पुण्या-मुंबईहून माणसे गावाकडे परतू लागली. परगावाहून आलेल्यांना शाळेच्या खोल्यांत वेगळे ठेवले. कोण आले, कधी आले, ताप-खोकला आहे का, याची यादी करायचे काम आशाताईकडे आले. तोंडाला ओढणी बांधून ती उन्हातान्हात घरोघर फिरू लागली.

आणि ज्या दारात थाळ्या वाजल्या होत्या, त्यातली काही दारे बंद झाली. "तू धा घरं फिरून येतीस, आमच्या उंबऱ्याला येऊ नगं," असे तिला तोंडावर ऐकावे लागले. नळावर तिची घागर शेवटी लावायला सांगितली. मुंबईहून आलेला पोरगा घरात असताना "आमच्याकडं कुणीच आलं नाही" असे सांगणारेही निघाले. भीतीपोटी माणूस असे वागतो, हे मान्य. पण थाळी वाजवणारे हात आणि कडी लावणारे हात एकच होते, हेही नाकारता येत नाही.

हे काही आमच्याच गावात घडले असे नाही. थाळ्या वाजल्यानंतर बरोबर एका महिन्याने, २२ एप्रिल २०२० रोजी, केंद्र सरकारला अध्यादेश काढून साथरोग कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आरोग्य कर्मचाऱ्याला गंभीर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद त्यात आली. मधल्या काळात ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे लागले. पंजाबात नाभा येथे सफाई कामगारावर लोकांनी फुले उधळली. ३ मे रोजी हवाई दलाने रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. या सगळ्याच्या जोडीला कायद्याचा बडगाही उगारावा लागला.

साहेबाच्या देशातही वेगळे घडले नाही. ब्रिटनमध्ये २६ मार्च ते २८ मे २०२० असे दहा आठवडे दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात येऊन टाळ्या वाजवत होते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तिथल्या सरकारने सरकारी आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांना एक टक्का पगारवाढ सुचवली, तेव्हा परिचारिकांच्या संघटना संतापल्या. अखेर जुलैमध्ये ती तीन टक्के करावी लागली.

जून उजाडला

२०२० चा खरीप आम्हा कृषी खात्याच्या लोकांना विसरता येणार नाही. दुकानांत गर्दी नको म्हणून गटांमार्फत बी-खत बांधावर पोचवायचे काम होते. ते उरकते न उरकते तोच सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. पंचनामे करत आम्ही रानोरान फिरत होतो.

अशाच एका फेरीत आशाताईच्या दोन एकरांच्या बांधावर पोचलो. तिचे बी उगवले होते, पण रानात सोयाबीन कुठे आणि तण कुठे, ते ओळखू येईना. सोयाबीन पहिले तीस-चाळीस दिवस तणापासून राखावे लागते, नाहीतर उतारा हातचा जातो. तिचा नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर होता आणि ती दिवसभर सर्वेक्षणात. मजूर लावावेत तर पैसे कुठून आणणार? आशांना पगार नसतो. २००५ पासून त्या 'स्वयंसेविका' म्हणूनच काम करतात आणि कामागणिक मोबदला मिळतो. तोही वेळेवर मिळेलच असे नाही.

मी ही गोष्ट पारावर सहज बोललो. शेजारच्या घरातली एक म्हातारी ऐकत होती. साऱ्या गावाची ती मावशी. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "थाळी बडवून कुणाचं रान खुरपून निघत न्हाई. उद्या सकाळी ज्याला यायचं त्यानं खुरपं घेऊन यावं."

दुसऱ्या दिवशी नऊ बायका आल्या. तोंडाला पदर, दोघींत चार-चार काकऱ्यांचे अंतर, भाकरी ज्याची त्याने आणलेली. नळावर जिने घागर मागे लावायला सांगितली होती, तीही त्यांत होती. कोणी काही बोलले नाही. दोन दिवसांत रान स्वच्छ झाले. आपल्याकडे हिला सावड म्हणतात, नवीन असे त्यात काही नाही. सुगीला आशाताईच्या घरात पोती आली. किती आली ते मी मोजले नाही, पण पेरणीची उधारी फिटली, असे ती स्वतः सांगत होती.

तीन शाली आणि एक छत्री

१५ ऑगस्टला ग्रामपंचायतीत मोजक्या लोकांत कोरोना योद्ध्यांचा सत्कार झाला. आशाताई, अंगणवाडी ताई, पाणी सोडणारा, गटारी काढणारा, वायरमन या सगळ्यांना शाल आणि श्रीफळ मिळाले. त्या वर्षभरात आशाताईला अशा तीन शाली मिळाल्या. ती मला म्हणाली, "शाल चांगली हाय साहेब, मन भरून आलं. पण आभाळ गळतंय, शाल पांघरून सर्वे कसा करू? एक छत्री दिली आसती तर बरं झालं आसतं." मी ते सरपंचांच्या कानावर घातले. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेसाठी ती तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन निघाली, तेव्हा तिच्या हातात ग्रामपंचायतीची छत्री होती.

तिच्यासारख्या राज्यातल्या आशांना मात्र १५ जून २०२१ पासून संपावर जावे लागले. नवव्या दिवशी हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता कबूल झाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. तरीही २०२४ च्या सुरुवातीला त्यांना मुंबईत आझाद मैदानावर बसावे लागले. त्यानंतर मार्चमध्ये पाच हजारांची वाढ मंजूर झाली.

बैलाकडून शिकू

आभार मानायची रीत आपल्याला कोणी शिकवायला नको. पोळ्याला आपण बैलाला झूल घालतो, शिंगे रंगवतो, वाजतगाजत मिरवतो. पण त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जू ओढून जो खांदा दुखला, तोच खांदा आपण तुपा-हळदीने चोळतो आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतो. मिरवणूक नंतरची. थाळी आणि शाल ही मिरवणूक झाली. ती हवीच, माणसाला उभारी येते. पण दुखरा खांदा आधी बघावा.

म्हणून कृषी खात्याच्या सवयीप्रमाणे मुद्द्यांत सांगतो :

१) आशाताई दारात आली की दार उघडा, बसायला सांगा, पाणी विचारा.

२) आजार लपवू नका. खरी माहिती दिली तर तिची दुसरी फेरी वाचते आणि आपल्या घरचा जीवही.

३) सत्कार करायचा ठरला तर आधी तिला विचारा, काय हवे? छत्री, बॅटरी, चांगल्या चपला, जे सांगेल ते द्या.

४) साथीच्या दिवसांत तिचे रान पडू देऊ नका. घरटी एक माणूस अर्धा दिवस दिला तरी भागते.

५) मोबदला थकला तर ग्रामसभेत विषय घ्या, ठराव करा. तिची एकटीची सही आणि गावाचा ठराव यात फरक पडतो.

६) हेच पाणी सोडणाऱ्याला, गटार काढणाऱ्याला आणि वायरमनलाही लागू आहे.

परवा कामानिमित्त त्या गावात गेलो होतो. आशाताई लसीकरणाची यादी घेऊन निघाली होती, हातात तीच छत्री होती. एक काडी मोडलेली, पण दोऱ्याने बांधून चालवलेली. मावशी आता थकली आहे. ओट्यावर बसल्या बसल्या तिने हाक मारली, "अगं, उनाची कुठं निघालीस? च्या घेऊन जा." आशाताई थांबली आणि चहा घेऊनच पुढच्या घरी गेली.