अँडीजच्या माथ्यावर पाण्याची पेरणी

समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर उंचीवर जंगल वाढते, असे सांगितले तर चटकन विश्वास बसणार नाही. तिथली हवा विरळ, ऊन प्रखर आणि रात्री गोठवणाऱ्या! पण दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात केन्युआ नावाचे वाकडेतिकडे झाड अशाच जागी तग धरून आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला पॉलिलेपिस म्हणतात. कागदासारख्या पातळ सालीचे अनेक पदर त्याचे थंडीपासून रक्षण करतात.

या झाडाचे खरे मोल पाण्यात आहे. त्याची पाने आणि खोडावरचे शेवाळ धुक्यातला ओलावा टिपतात. मुळाशी साचलेली भुसभुशीत माती ते पाणी धरून ठेवते आणि हळूहळू झऱ्यांना सोडते. परंतु जळणासाठी झालेली तोड, कुरणांसाठी लावलेल्या आगी आणि गुरांची चराई यांमुळे आज या जंगलांचे तुकडेच उरले आहेत. त्यातच तापमानवाढीने हिमनद्या वितळत आहेत. मग कोरड्या ऋतूत पाणी यायचे कोठून?

पेरूतील जीवशास्त्रज्ञ कोन्स्तांतिनो औका यांनी यावर उपाय शोधला. २००० साली त्यांनी 'इकोअन' या संस्थेची स्थापना केली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'अॅक्सिओन आंदिना' या उपक्रमाने हे काम शेजारच्या देशांतही नेले. केन्युआचे बी फारसे उगवत नाही, म्हणून गावकरी फांद्यांच्या छाटकलमांपासून रोपे तयार करतात. लागवडीच्या दिवशी आबालवृद्ध पाठीवर रोपे बांधून डोंगर चढतात. एकमेकांच्या कामाला धावून जाण्याची तिथली जुनी प्रथा 'आयनी' म्हणून ओळखली जाते. आपल्याकडील इर्जिकीचीच ती बहीण!

मात्र नुसती रोपे लावून भागत नाही. चुलीला सरपण हवे असेल, तर कुऱ्हाड पुन्हा त्याच झाडावर पडणार. म्हणून गावांना जमिनीचे हक्क मिळवून देणे, मातीच्या सुधारित चुली आणि सौरऊर्जेचे पॅनेल पुरवणे हीदेखील या कामाचीच अंगे आहेत.

२०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने औका यांचा गौरव केला. तोपर्यंत पेरूमध्ये तीस लाखांहून अधिक झाडे लागली होती. २०२३ मध्ये या उपक्रमाला 'अर्थशॉट' पारितोषिकही मिळाले.

केन्युआ अतिशय सावकाश वाढते आणि वितळलेली हिमनदी काही ते परत आणू शकत नाही. पण पावसाचे आणि धुक्याचे पाणी डोंगरातच अडवून ठेवण्याचे काम ते निश्चित करते. आज रोप लावणाऱ्या आजीच्या नातवंडांना त्या झऱ्याचे पाणी मिळावे, यासाठीच ही सारी धडपड आहे.