टेप बॅकअप आणि मिश्र युनिक्स सर्व्हर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोलारिस, एआयएक्स, एचपी-यूएक्स आणि लिनक्स एकाच सर्व्हर रूममध्ये असले, की बॅकअपसाठी ‘टार’ पुरेसे ठरते, असा समज आहे. १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीपासून टार आहे आणि ते सगळीकडे मिळते, हे खरे. पण सगळीकडचे टार एक नाही. पॉसिक्सच्या ‘यूस्टार’ फॉरमॅटमध्ये एक फाइल ८ जीबीच्या आत आणि तिचा पूर्ण पाथ २५६ बाइटांच्या आत बसावा लागतो. त्यापलीकडे जाण्यासाठी जीएनयू टारने एक पद्धत काढली, सोलारिसच्या टारने दुसरी. जीएनयूची पद्धत न कळणारे टार लांब नावे कापूनच फाइली उतरवते. २००१ च्या पॉसिक्स मानकातला ‘पॅक्स’ फॉरमॅट वापरणे किंवा सर्व मशीनवर जीएनयू टारच बसवणे, हे त्यावरचे खरे उपाय. एसीएल (फाइलींच्या परवानगी-याद्या) मात्र तरीही वेगळे तपासावेच लागतात.

‘डंप’ सर्वांत भरवशाचे, हा दुसरा समज अर्धा खरा आहे. डंप डिस्कवरून थेट फाइलसिस्टिम वाचते, म्हणून फाइलींची वाचन-वेळ बदलत नाही. पण सोलारिसच्या यूएफएसडंपची टेप यूएफएसरिस्टोअरची वाट पाहते आणि एक्सएफएसडंपची टेप एक्सएफएसरिस्टोअरची. सोलारिस मशीन कायमचे बंद पडले आणि हाताशी फक्त लिनक्स उरले, तर ही बांधिलकी महागात पडू शकते. शिवाय लिनक्स २.४ मध्ये माउंट असलेल्या फाइलसिस्टिमचे डंप विश्वासार्ह नाही, असे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००१ मध्ये स्पष्ट सांगितले होते. आधी अनमाउंट करावे किंवा स्नॅपशॉट घ्यावा.

नेटवर्क बॅकअप सॉफ्टवेअर आणले की फॉरमॅटचा प्रश्न मिटतो, असेही नाही. मेरीलँड विद्यापीठात घडलेले ‘अमांडा’ त्या-त्या मशीनचे डंप किंवा टारच चालवते. टेपवरच्या प्रत्येक बॅकअपच्या सुरुवातीला ३२ केबीचे शीर्षक असते आणि रिस्टोअरची आज्ञा त्यात साध्या मजकुरात लिहिलेली असते. म्हणून अमांडा नसले तरी डेटा निघतो. ही फार मोलाची सोय आहे. याउलट ‘बॅक्युला’ या सॉफ्टवेअरचा फॉरमॅट स्वतःचा असल्याने त्याची टेप वाचायला त्याचीच साधने लागतात.

टेप वाचली जात नाही म्हणजे ती खराब झाली, हा निष्कर्ष तर वारंवार चुकतो. जीएनयू टार सहसा १०,२४० बाइटांचे ब्लॉक लिहिते. लिहिताना ब्लॉक मोठा ठेवला आणि वाचणाऱ्याने लहान मागितला, तर चांगली टेपही एरर देते. आयरिक्स या युनिक्सवर काही टेप-डिव्हाइस बाइटांची अदलाबदल करून लिहीत. अशी टेप इतरत्र ‘डीडी’ने बाइट उलटवून वाचावी लागते.

‘जॉब यशस्वी’ हा संदेश लिहिणे संपल्याचे सांगतो, बॅकअप पूर्ण असल्याचे नाही. एलिझाबेथ झ्विकी यांनी १९९१ मध्ये विचित्र नावांच्या, छिद्रे असलेल्या आणि वाचतानाच बदलणाऱ्या फाइली देऊन प्रचलित प्रोग्राम तपासले, तेव्हा त्यांतले अनेक कमी पडले. म्हणून निवडीआधी रिस्टोअर करून पाहावे, तेही दुसऱ्या जातीच्या मशीनवर.

टेपवर छापलेली क्षमता तेवढीच मिळते, हाही गैरसमज आहे. एलटीओ-९ टेपवरचा ४५ टीबीचा आकडा २.५ पट कॉम्प्रेशन गृहीत धरतो. प्रत्यक्ष क्षमता १८ टीबी आहे. नवा ड्राइव्ह कोणतीही जुनी टेप वाचतो, असेही नाही. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचत, एलटीओ-८ आणि ९ एकच पिढी मागची वाचतात. त्यामुळे एलटीओ-६ चा साठा असेल, तर तो वाचणारा ड्राइव्ह आणि तो जोडता येईल असे मशीन जपून ठेवावे लागते.