अनन्यता निर्बंध

अनन्यता निर्बंध हा संबंधात्मक डेटाबेसमधील एक नियम आहे. सारणीच्या ठरावीक स्तंभात किंवा स्तंभसमूहात तेच मूल्य दोनदा नोंदवले जाऊ नये, यासाठी तो वापरतात. एसक्यूएल भाषेत तो 'युनिक' या शब्दाने घोषित केला जातो. प्रश्नांची शीर्षके, वापरकर्त्यांची नावे, ईमेल पत्ते इत्यादींची पुनरावृत्ती रोखण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात प्रत्येक ओळ वेगळी ओळखण्यासाठी प्राथमिक कळीची संकल्पना होती. सारणीला प्राथमिक कळ एकच असते. अनन्यता निर्बंध मात्र अनेक असू शकतात. प्रश्नसंग्रहात प्रश्नक्रमांक ही प्राथमिक कळ असली, तरी तेच शीर्षक ४१ आणि ९७ अशा दोन क्रमांकांखाली येऊ शकते. त्यामुळे शीर्षकाच्या स्तंभावर स्वतंत्र निर्बंध आवश्यक ठरतो.

आवश्यकता

नवे शीर्षक नोंदवण्यापूर्वी ते आधीपासून आहे का, हे आज्ञावलीत तपासता येते. परंतु एवढी तपासणी पुरेशी नसते. दोन वापरकर्त्यांनी एकाच वेळी तेच शीर्षक पाठवल्यास दोघांच्याही तपासणीत ते आढळत नाही आणि दोन्ही नोंदी होतात. अशी चूक चाचणीत क्वचितच दिसते. वापर वाढल्यावर ती उघड होते.

कार्यपद्धती

बहुतेक प्रणाली या निर्बंधासाठी संबंधित स्तंभाची अनुक्रमणिका ठेवतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ती बी-ट्री प्रकारची असते. तेच मूल्य दोन व्यवहारांत एकदम आल्यास दुसरा व्यवहार पहिला संपेपर्यंत थांबतो. पहिला कायम झाल्यास दुसऱ्याला त्रुटी मिळते. पहिला रद्द झाल्यास दुसऱ्याची नोंद स्वीकारली जाते. ही त्रुटी ओळखून वापरकर्त्याला समजेल असा संदेश देणे हे आज्ञावलीचे काम असते.

मजकुराची समानता

अनेक प्रणालींमध्ये निर्बंध संगणकातील संकेतांकांची तुलना करतो. डोळ्यांना सारखा दिसणारा मजकूर त्याला वेगळा वाटू शकतो. शब्दांमधील एखादी जादा मोकळी जागाही त्यास पुरेशी असते. 'दुसऱ्या' या शब्दातील 'ऱ' युनिकोडमध्ये एकाच संकेतांकाने किंवा 'र' व नुक्ता असा दोन संकेतांकांनी लिहिता येतो. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने ही दोन रूपे एक होतात. 'ॲरे' या शब्दातील 'ॲ' चे तसे नाही. 'अ' ला चंद्र जोडून लिहिलेले रूप आणि २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेले स्वतंत्र अक्षर ही प्रमाणीकरणानंतरही भिन्नच राहतात. म्हणून मराठी शीर्षके साठवण्यापूर्वी त्यांचे एकरूपीकरण करण्याचा वेगळा नियम लागतो.

मर्यादा

सारणीत आधीच पुनरावृत्ती असल्यास ती दूर केल्याशिवाय निर्बंध लावता येत नाही. तसेच 'ॲरे कसा उलटवावा?' आणि 'ॲरेमधील घटकांचा क्रम उलट कसा करावा?' ही शीर्षके एकाच प्रश्नाची असली, तरी निर्बंध दोन्ही स्वीकारतो. अर्थाची अशी पुनरावृत्ती टाळण्यासाठी मिळतीजुळती शीर्षके सुचवणारा शोध उपयोगी पडतो. अंतिम निर्णय मात्र माणसाला घ्यावा लागतो.