टपोरे डोळे: आधी तपासणी, मग कौतुक

भिलाईच्या टाउनशिपमध्ये काय किंवा नागपुरात काय, बारशाला आलेल्या बायका बाळाच्या टपोऱ्या डोळ्यांचे कौतुक करतात आणि दृष्ट काढायला सांगतात. बहुतेकदा त्यात काळजीचे काही नसते. पण त्या डोळ्यांतून सतत पाणी गळत असेल, उजेडात बाळ ते घट्ट मिटून घेत असेल, बुबुळ धुरकट दिसत असेल, तर हा जन्मजात काचबिंदू असू शकतो.

डोळ्यातला द्रव बाहेर नेणारी जाळी या मुलांत नीट घडलेली नसते. द्रव साचून दाब चढतो. साधारण तीन वर्षांपर्यंत डोळ्याचे आवरण लवचीक असते, त्यामुळे डोळाच मोठा होत जातो. नवजात बाळाचे बुबुळ सुमारे 10 मिलिमीटर रुंद असते. पहिल्या वर्षातच ते 12 च्या वर गेले, की डॉक्टर सावध होतात. दाबाने दृष्टीची नस झिजते, आणि ती झीज भरून येत नाही.

आंध्र प्रदेशातील पाहणीत 3,300 जन्मांमागे एक असे प्रमाण आढळले. पाश्चात्त्य देशांत ते सुमारे 10,000 मागे एक आहे. आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला 25 टक्के धोका असतो. नात्यातल्या लग्नांत असा योग अधिक येतो.

थेंब मदतीपुरते, खरा इलाज शस्त्रक्रियेचाच. मोठ्यांना चालणारे ब्रिमोनिडिन तर दोन वर्षांखालील बाळाचा श्वास मंदावू शकते. पूर्वी शस्त्रक्रियेत निचऱ्याच्या वाटेचा थोडा भागच उघडत. आता बारीक धागा किंवा टोकाशी दिवा असलेली नळी फिरवून ती पूर्ण वर्तुळभर एकाच वेळी खुली करता येते. धुरकट बुबुळाच्या मुलांसाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. अनिलकुमार मंडल यांनी दोन शस्त्रक्रिया एकत्र करण्याची पद्धत रुजवली. विज्ञान क्षेत्रातला 2003 चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. या शस्त्रक्रियांनंतरही दाब न उतरल्यास निचऱ्याची नळी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅबने ती देशातच बनवून स्वस्त केली.

शस्त्रक्रियेनंतरही चष्मा, गरज पडल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी आणि आयुष्यभर तपासणी चुकत नाही. भिलाईकरांना सेक्टर 9 चे रुग्णालय जवळ आहे, रायपूरचे एम्सही तासाभरावर. घरात एका मुलाला हा आजार असेल, तर भावंडांचे डोळेही दाखवून घ्या. आणि बाळाच्या डोळ्यांतून पाणी येते म्हणून घरगुती उपायांत महिना घालवू नका. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा.