लिमा ते कुस्को : सव्वा तासाची चढण

प्रवासाचे अंतर किलोमीटरमध्ये आणि तासांमध्ये मोजण्याची आपल्याला सवय आहे. पेरूची राजधानी लिमा आणि इंका साम्राज्याची प्राचीन राजधानी कुस्को यांच्यामधील हवाई अंतर साधारण ५८० किलोमीटर आहे. विमानाला सुमारे सव्वा तास लागतो. रस्त्याने हेच अंतर जवळपास ११०० किलोमीटर भरते व बसला वीस तासांहून अधिक वेळ लागतो. माचू पिचू पाहण्यास निघालेले कुटुंब साहजिकच विमान निवडते. परंतु या दोन शहरांमधील खरे अंतर आडवे नाही, उभे आहे. लिमा सागरकिनारी वसलेले आहे, तर कुस्को सुमारे ३४०० मीटर उंचीवर.

एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश उरतो. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तेच २१ टक्के असले, तरी प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजन सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. प्रवासी विमानाच्या कक्षातील दाब सामान्यतः २४०० मीटर उंचीवरील दाबापेक्षा कमी होऊ दिला जात नाही. त्यामुळे विमान कुस्कोला उतरत असताना प्रवाशाचे शरीर मात्र वर चढत असते!

अँडीज ओलांडताना होणाऱ्या या व्याधीचे वर्णन स्पॅनिश धर्मोपदेशक होसे दे अकोस्ता यांनी १५९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. व्याधी जुनीच आहे. तिच्यापर्यंत पोहोचण्याचा वेग तेवढा नवा आहे.

डोकेदुखी, मळमळ, थकवा ही लक्षणे बहुधा सहा ते बारा तासांनी दिसू लागतात. म्हणून पहिल्या रात्री पालक त्यांना प्रवासाचा शीण समजतात. बोलता न येणारे बाळ तर केवळ किरकिर करते, दूध नाकारते, खेळत नाही, झोपत नाही. उंचीवर आजारी पडलेल्या मुलाचा आजार, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत, उंचीमुळेच आहे असे मानावे. स्वस्थ बसूनही धाप लागणे, ओठ निळसर होणे, चालताना तोल जाणे किंवा गुंगी येणे यांपैकी काहीही दिसल्यास ऑक्सिजन द्यावा व मुलाला विनाविलंब खाली न्यावे.

प्रतिबंधाचा सर्वांत सोपा उपाय औषधाच्या दुकानात नसून नकाशावर आहे. कुस्कोच्या विमानतळावरून थेट उरुबांबाच्या खोऱ्यात, म्हणजे सुमारे २८७० मीटरवर, उतरावे. तेथे दोन रात्री काढून २४३० मीटरवरील माचू पिचू पाहावे व कुस्को शहर शेवटी ठेवावे. वेळापत्रक बदलणे अशक्यच असेल, तर निवडक मुलांना अॅसिटाझोलामाइड किलोमागे २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, आदल्या दिवसापासून देता येते. एका वेळची मात्रा १२५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. सल्फाच्या अॅलर्जीची चौकशी आधी करावी. जन्मजात हृदयविकार, फुप्फुसीय उच्चदाब, डाउन सिंड्रोम किंवा नुकताच झालेला श्वसनसंसर्ग असल्यास प्रवासाच्या योग्यतेच्या प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी थांबून विचार करावा.

पेरू आपल्याला दूरचा वाटेल. पण दिल्लीहून लेहला नेणारे विमानही सव्वा-दीड तासातच सुमारे ३५०० मीटरवर पोहोचवते. सुटीत तेथे जाणारी मुले आपल्याच दवाखान्यांत वाढलेली आहेत. त्यांचे पालक सल्ल्यासाठी येतील तेव्हा ‘प्रवास किती तासांचा?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘पहिल्या रात्री मूल किती उंचीवर झोपणार?’ हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.