रूट कॅनॉलनंतर कॅप लावायलाच हवी का? अन् पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज बसवण्याआधी काय विचारायचं?

दाढ ठणकायला लागली की माणूस दवाखाना गाठतो. रूट कॅनॉल होतं, ठणका थांबतो. मग डॉक्टर सांगतात, "आता यावर कॅप बसवून घ्या." खर्चाचा आकडा ऐकला की बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो. दुखणं तर गेलं, मग कॅप कशाला? बघू पुढच्या महिन्यात. तो पुढचा महिना लांबत जातो आणि एक दिवस सुपारी फोडताना दाढेचाच तुकडा हातात येतो.

हे का होतं, ते आधी समजून घेऊया.

दुखणं थांबलं, मग कॅप कशासाठी?

रूट कॅनॉलची वेळ येते तेव्हा कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. ती नस साफ करायला दाढेला वरून भोक पाडावं लागतं. म्हणजे दाढ आधी किडीने पोखरलेली, त्यात उपचारासाठी आणखी कोरलेली. बाहेरून ती धड दिसते, पण तिच्या भिंती पातळ झालेल्या असतात.

चावताना सगळ्यात जास्त जोर मागच्या दाढांवर येतो. पाचर मारल्यावर लाकूड फाकतं, तशी पोकळ दाढ त्या जोराने फाकते. तडा वरच्या भागातच थांबला तर दुरुस्ती होऊ शकते. तो मुळातून उभा खाली गेला, तर बहुतेक वेळा दाढ काढावीच लागते. रूट कॅनॉलचा खर्च पाण्यात जातो. शिवाय नस काढलेली असल्याने थंड-गरम लागून मिळणारा इशाराही मिळत नाही.

बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव आवळून धरते, तशी कॅप दाढेला चारही बाजूंनी आवळून धरते. तिचं मुख्य काम शोभेचं नाही, दाढ फुटू न देण्याचं आहे.

मात्र प्रत्येक दाताला कॅप लागतेच असं नाही. पुढच्या दाताचा फारसा भाग गेलेला नसेल, तर नुसत्या फिलिंगवरही भागू शकतं. त्यामुळे "कॅप कशासाठी?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

कॅप कशी बसवतात?

आधी दात चारही बाजूंनी आणि वरून साधारण १ ते २ मिलिमीटर कोरून घेतात. मग त्याचं माप घेतात, कधी मऊ लगद्यासारख्या साहित्याने, तर कधी स्कॅनरने. ते माप लॅबमध्ये जातं, तिथे कॅप तयार होते. तोवर तात्पुरती कॅप लावता येते. तयार कॅप दंत-सिमेंटने चिकटवतात.

शेवटी रंगीत कागद चावायला देऊन कॅप कुठे उंच लागतेय का, ते बघतात. इथे संकोच करू नये. थोडीशी उंच राहिलेली कॅपसुद्धा दाढ दुखवत राहते.

कोणती कॅप घ्यायची?

धातूची कॅप : मजबूत असते आणि दात कमी कोरावा लागतो. पण चकाकते, म्हणून मागच्या दाढांसाठी ठीक.

आतून धातू, वरून पोर्सेलिन : दिसायला दातासारखी. पण वरचा टवका उडू शकतो आणि काही वर्षांनी हिरडीजवळ काळी रेघ दिसू शकते.

झिरकोनिया : धातू नसलेली, पांढरी आणि दणकट. दाढांसाठी चालते, खर्च जास्त.

काचेच्या जातीचं सिरॅमिक : सगळ्यात नैसर्गिक दिसतं, म्हणून पुढच्या दातांसाठी वापरतात.

दात पडला तर काय?

मागची दाढ पडली तर कुणाला दिसत नाही, म्हणून ती जागा तशीच सोडली जाते. पण शेजारचे दात हळूहळू त्या मोकळ्या जागेकडे कलतात. समोरच्या जबड्यातला दात तिथे उतरू लागतो. दाताच्या जागचं हाडही झिजत जातं. हे व्हायला महिने किंवा वर्षं लागतात, त्यामुळे लक्षात येत नाही. दात बसवायची वेळ येते तेव्हा जागाच उरलेली नसते.

ब्रिज हा यावरचा जुना आणि रुळलेला उपाय. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात कोरून त्यांवर कॅप बसवतात आणि मधला खोटा दात त्या दोन कॅपना जोडलेला असतो. एक दात पडला तरी बिल बहुधा तीन दातांचं येतं, त्याचं कारण हेच.

पण खरी किंमत पैशात नाही. शेजारचे दोन दात धडधाकट असतील, तर एका दातासाठी तेही कोरावे लागतात. कोरलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही. शेजारच्या दातांना आधीच मोठं फिलिंग किंवा रूट कॅनॉल झालेलं असेल, तर मात्र ब्रिज चांगला पर्याय ठरतो. कारण त्यांना तशीही कॅप लागणारच असते.

शेजारचे दात निरोगी असतील, तर इम्प्लांटबद्दल विचारावं. यात टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात, तो काही महिन्यांत हाडाशी जुळतो आणि त्यावर कॅप लावतात. शेजारच्या दातांना हात लागत नाही. पण खर्च जास्त असतो, पुरेसं हाड लागतं आणि धूम्रपान किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असेल तर तो अपयशी ठरण्याचा धोका वाढतो. हे दोन्ही नको असेल, तर काढ-घाल करता येणारी कवळी सगळ्यात स्वस्त.

कॅपखालीही कीड लागते!

कॅप किडत नाही, पण तिच्याखालचा दात किडतो. कॅप आणि हिरडी जिथे मिळतात, तिथूनच कीड शिरते. म्हणून रोज दोनदा ब्रश आणि एकदा फ्लॉस हवाच. ब्रिजच्या खोट्या दाताखाली अन्न अडकतं, तिथे दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश वापरावा. सुपारी आणि बर्फ फोडायला दात वापरू नयेत. नीट निगा राखली तर कॅप किंवा ब्रिज साधारण १० ते १५ वर्षं टिकतो, काहींचा त्याहून जास्त.

होकार देण्याआधी हे विचारा

शेजारचे दात कोरावे लागतील का? न कोरता दुसरा पर्याय आहे का? कॅप कशाची आहे? सांगितलेली रक्कम एका दाताची की पूर्ण ब्रिजची? निघाली किंवा फुटली तर काय?

बहुतेक आरोग्य विम्यांत नेहमीचे दंतोपचार येत नाहीत, त्यामुळे खर्च खिशातूनच होतो. परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार कमी दरात होतात. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे फेऱ्या जास्त पडतात, एवढंच. मात्र स्वस्तात "एका तासात फिक्स दात" बसवून देणाऱ्या रस्त्यावरच्या माणसाकडे जाऊ नये. तो हिरडीवर थापलेला प्लास्टिकचा दात शेजारचे चांगले दातही घेऊन जातो.